तिसऱ्या पानावरचा बिभीषण

बेंबळीत लिंबाजीच्या ऑनलाइन सेंटरपुढं त्या दुपारी एवढी माणसं जमली, की धाराशिवहून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू करून विचारलं, आज कशाची जत्रा आहे. कुणीतरी सांगितलं, कॉम्प्युटरातलं भूत काढायलेत. ड्रायव्हरनं गाडी सरळ कडेला घेतली. आधी कंडक्टर उतरला, त्याच्यामागं निम्मी एसटी उतरली, आणि गर्दी दुप्पट झाली.

आत बघण्यासारखं होतंच तसं. फिरत्या खुर्चीत एक पाय वर, एक पाय खाली अशा थाटात सर्व्हरबाबा बसले होते. अंगात भगवी कफनी, कपाळभर भस्म, गळ्यात रुद्राक्षाच्या माळा आणि माळांत गुंतलेली हेडफोनची वायर. वायरीचं एक टोक बाबांच्या कानात होतं, दुसरं कफनीच्या आत गडप झालेलं. ते टोक थेट वरच्याशी जोडलंय, असं लोक म्हणायचे. बाबा स्वतः तसं म्हणत नसत. कुणी म्हटलं की डोळे मिटून नुसते हसत.

“बालकांनो, सर्व्हर म्हणजे काय?” बाबांनी विचारलं. आणि उत्तरही स्वतःच दिलं. “सर्वांच्या वर जो बसलाय, तो सर्व्हर. आणि सर्व्हर डाऊन होतो म्हणजे काय? वरचा खाली उतरतो. कुणासाठी? भक्तासाठी. आणि तुम्ही येडे नेमक्या त्याच टायमाला शिव्या घालता.”

लोकांनी माना खाली घातल्या. घातल्या होत्याच शिव्या, नाही कसं म्हणणार.

मग बाबांनी की-बोर्डवर मधोमध एक टप्पोरं लिंबू ठेवलं आणि सगळ्यावरून काळं फडकं पसरलं. फडक्याखाली कॉम्प्युटर कण्हायला लागला. टूं, टूं, टूं. बायांनी हात जोडले. बाबा त्या कण्हण्यावर खेकसले, सोड, सोड त्याला, आणि एका झटक्यात आवाज बंद. फडकं उचललं तर पडदा काळाठिक्कर. यंत्राला समाधी लागली, असं बाबांनी हळू आवाजात जाहीर केलं. थोड्या वेळानं टाळी वाजवली. पडदा उजळला. हा यंत्राचा पुनर्जन्म. पुनर्जन्मानंतर सखूबाईच्या नातवाचा अर्ज पहिल्या पानापासून पाचव्या पानापर्यंत असा गेला, जशी तेल लावलेली बैलगाडी. लोकांनी जयजयकार केला, सखूबाईनं नारळ ठेवला, आणि एसटीतल्या एका आजोबांनी आपला बंद पडलेला मोबाईल बाबांच्या पायाला लावून घेतला.

शिवांजली सगळ्यात पुढं जमिनीवर बसली होती. तिचाही अर्ज अडला होता. तिच्या हातातला पासपोर्ट फोटो गर्दीच्या धक्क्यानं सटकला आणि टेबलाखाली गेला. तो काढायला ती वाकली. नेमकी समाधी लागायची घटका होती. टेबलाखाली तिला कॉम्प्युटरचा डबा दिसला, डब्यावरचं बटण दिसलं, आणि त्या बटणावर बाबांच्या पायाचा अंगठा दिसला. अंगठ्याचं नख छान कापलेलं होतं. तेवढंच तेव्हा तिच्या लक्षात आलं. अंगठा तिथं काय करतोय, हा प्रश्न डोक्यात शिरला खरा, पण पुढच्या जयजयकारात तो मागं पडला.

आता भुताचं सांगायला पाहिजे. धाराशिवच्या एका कॉलेजात डिप्लोमाचे प्रवेश सुरू होते. अर्ज ऑनलाइन, पाच पानांचा. एक पान भरायचं, ‘जतन करा’ दाबायचं, पुढच्या पानावर जायचं. मोबाईलवर उघडला तर खालची बटणं पडद्याबाहेर जायची, म्हणून सगळं गाव लिंबाजीच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर. पहिलं पान नीट व्हायचं, दुसरंही व्हायचं. तिसरं पान पालकांचं. तिथं वडिलांचं नाव आपोआप यायचं आणि ते भलत्याच माणसाचं असायचं. मागं जाऊन बघावं तर आधीची दोन्ही पानं कोरी. जतन केलेलं सगळं गायब.

शिवांजलीच्या तिसऱ्या पानावर आला बिभीषण. वडिलांचं नाव: बिभीषण. तिचे वडील धुळाप्पा पाठीमागंच उभे होते. मेंढरं राखणारा साधा माणूस, वाचता येतं पण हळूहळू. त्यांनी ते नाव एकेक अक्षर करून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. गावात फार पूर्वी बिभीषण नावाचा एक माणूस विहिरीत पडून गेला होता. झालं, लोकांना तेवढं पुरे होतं. ज्यांच्या अर्जात दुसरी नावं आली, त्यांच्यासाठी बाबांनी खुलासा केला की बिभीषण एकटा नाही, सोबत मंडळी घेऊन आलाय.

त्या दुपारी सखूबाईनंतर तिची पाळी आली, तर बाबांनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग नजर धुळाप्पांच्या खांद्यावरच्या घोंगडीवर गेली. तिथून ती बहुतेक थेट मेंढरांच्या कळपापर्यंत गेली असणार, कारण बाबा म्हणाले, हे काम नारळाचं नाही. बिभीषणानं या पोरीला लेक मानलीय. तगडा मेंढा लागेल, तोही अमावस्येला. तोवर पोरीला शिवेबाहेर पाठवू नका.

अमावस्या अजून लांब होती. अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. शिवांजलीनं ते बाबांना सांगितलं. बाबांनी डोळे मिटून सांगितलं की वरच्याला मुदत नसते.

धुळाप्पा तिला घेऊन घरी आले. वाडग्यात मेंढरं कोंडून झाल्यावर ते दगडावर टेकले.

“शिवे,” ते म्हणाले, “मेंढा म्या दिला आसता. एकाला दोन दिलं आसतं. पर देवच नगं म्हणत आसंल, तर आपून हट्ट करू न्हाय.”

“आबा, देव कुठं म्हणाला? बाबा म्हणाला.”

“माझं नाव तिथून पुसलं गं पोरी. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. ह्यो कौलच की. तू घरीच ऱ्हा.”

ते रागावून बोलले असते तर तिनं भांडण केलं असतं. भांडणात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण ते इतक्या मऊ आवाजात बोलले की तिला भांडायला जागाच सापडेना. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. घरातला पंखा तिनं दोनदा उघडून तीनदा जोडला होता. एकदा जोडलेला पुन्हा जोडावा लागला, म्हणून तीनदा. आणि एका बिभीषणापायी हे सगळं संपणार होतं.

ती तडक फलककडं गेली. फलक म्हणजे खाजाभाई टेलरची लेक, शिवांजलीची वर्गातली शेजारीण. दोघींनी एकाच कॉलेजात जायचं, एकाच खोलीत राहायचं आणि भांडी आळीपाळीनं घासायची, इथपर्यंत ठरलं होतं. फलकचा अर्ज अजून भरायचा होता. तिनं सगळं ऐकलं, पायानं शिलाई मशीनचं पायडल हलवत विचार केला आणि एक शंका काढली. बिभीषण सगळ्यांच्या अर्जात का येत नाही? काहींच्यात तो, काहींच्यात दुसरेच. भुतांच्या ड्युट्या लागतात की काय?

शंका गमतीची होती, पण शिवांजली उठूनच उभी राहिली. चल, विचारू, म्हणाली.

दिवस मावळायच्या आत दोघींनी गावात जेवढी अडलेली घरं होती तेवढी पालथी घातली. प्रत्येक घरी दोनच प्रश्न: अर्ज कोणत्या वारी अडला, आणि नाव कुणाचं आलं. लोक आनंदानं सांगत होते. आपल्या अर्जात भूत आलं, हे सांगण्यात एक मोठेपणा होता. कुणाचं भूत जास्त जुनं यावरून दोन जावांची तर जुंपलीच. आणि फलकची थट्टा खरी निघाली. एका वारी ज्यांचे अर्ज अडले, त्या सगळ्यांना एकच नाव. सोमवारी सगळ्यांना भीमाशंकर. बिभीषण फक्त शिवांजलीच्या वारी. भुतं खरंच दिवसपाळी करत होती.

आणि भीमाशंकर हे नाव त्यांना ओळखीचं वाटलं. थांब्यावर पानटपरी होती, तिच्या मालकाचं हेच नाव. दोघी तिथं गेल्या. आता हे विचारायचं कसं, यावर शिवांजली शब्द जुळवत होती, तोवर फलकनं विचारूनही टाकलं.

“काका, तुम्ही जिवंत आहात ना?”

“सकाळधरनं तर हाय,” पानाला चुना लावत भीमाशंकर म्हणाले. “का गं, काय ऐकलंस?”

मग त्यांनी सांगितलं ते असं. सोमवारी लेकाचा अर्ज भरायला गेले होते. सेंटर उघडायच्या आधीच जाऊन बसले, पहिला नंबर लागला. अर्ज एका दमात झाला, भूतबीत काही नाही. उलट भवानीचं गिऱ्हाईक म्हणून लिंबाजीनं चहा पाजला, वर बिस्किटंही दिली.

भवानीचं गिऱ्हाईक म्हणजे दिवसातलं पहिलं. त्याला आपल्याकडं कुणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. किराणावाला त्याची नोट डोळ्याला लावतो आणि मगच गल्ल्यात ठेवतो. शिवांजलीला टपरीवरच्या उजेडात उभ्या उभ्या काहीतरी दिसायला लागलं, पण पुरतं नाही. तिनं फलकला एवढंच सांगितलं की उद्या सकाळी पहिला नंबर तुझा.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं शटर वर केलं तेव्हा पायरीवर खाजाभाई, फलक आणि शिवांजली तिघंही बसलेले होते. फलकचा अर्ज सरळ पाचव्या पानापर्यंत गेला. चहा आला. शिवांजलीला तो प्यायचा नव्हता, तिला बघायचं होतं. लिंबाजीनं अर्जाचं पान बंद केलं नाही. तसंच उघडं ठेवलं, करंगळीनं कुंकू घेतलं आणि पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं त्या पानाचं नाव दिसत होतं, तिथं टिकली लावली. तिथं आधीच्या टिकल्यांचा लाल थर बसला होता.

तिनं विचारलं, तर लिंबाजीनं मनापासून सांगितलं. आता लोक पैसे मोबाईलवर पाठवतात. भवानीची नोटच हातात येत नाही, मग डोळ्याला काय लावायचं? म्हणून त्यानं आपला मार्ग काढला होता. भवानीच्या गिऱ्हाइकाचं पान दिवे लागेपर्यंत बंद करायचं नाही. बंद केलं की दिवसाची बरकत गेली. बाबांच्या समाधीत ते पान बंद पडतं, त्याचं त्याला फार वाईट वाटायचं. बाबांची पाठ वळली की तो फलकसारख्या पहिल्या गिऱ्हाइकाचं पान परत उघडून ठेवायचा, माफी मागून.

शिवांजली त्या कुंकवाच्या टिकलीकडं बघत राहिली. माउसला कुणाचा हात नव्हता. तरी टिकलीखालचं छोटं वर्तुळ अचानक गरगर फिरलं आणि थांबलं. थोड्या वेळानं परत फिरलं. उघडं पान गप्प बसत नव्हतं. आपण अजून इथं आहोत, असं कुणालातरी सांगत होतं.

तिथून ती पळतच सुटली ती थेट रानात. धुळाप्पा मेंढरांमागं होते. तिनं धापा टाकत सांगितलं की आज तिसऱ्या पानावर कोण येणार ते तिला आधीच माहीत आहे. धुळाप्पांना तिच्या डोळ्यांकडं बघून भीतीच वाटली; बिभीषण अंगात आला की काय.

“आबा, एकदा चला. माझं खोटं निघालं, तर कॉलेजचं नाव परत कधी काढणार नाही. वाडग्यात बसेन, लोकर कातरेन, म्हणाल ते करेन. खरं निघालं, तर अर्जावर तुमचं नाव लागल्याशिवाय उठायचं नाही.”

धुळाप्पांनी मेंढरं शेजारच्या रानातल्या माणसाच्या हवाली केली आणि काठी घेऊन निघाले.

सेंटरपुढं कालच्यासारखीच गर्दी. बाबा आजही आले होते, लिंबंही आणली होती. शिवांजली सरळ पुढं गेली आणि मोठ्या अदबीनं हात जोडून विचारलं, की महाराज, आज माझ्या अर्जात कुणाचं नाव येणार? बाबांनी तुच्छतेनं सांगितलं, बिभीषण. त्यानं तुला सोडलेलं नाही.

“मी म्हणते खाजाभाई येणार,” शिवांजली म्हणाली.

गर्दीत हशा झाला. खाजाभाई शिलाईची टेप गळ्यात अडकवून दारातच उभे होते. त्यांनी छातीवर हात ठेवून विचारलं, की बेटी, मी भूत झालो तर सांगितलं कसं नाही मला कुणी. पण लोकांना आता मजा वाटायला लागली होती. बाबा एक नाव सांगतात, पोरगी दुसरं. बघू कोण येतंय. लिंबाजीनं खुर्ची दिली.

तिनं पहिलं पान भरलं. वडिलांचं नाव, धुळाप्पा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत टाइप केलं. जतन केलं. दुसरं पान सावकाश भरलं. घाई करायची नाही, हे तिनं ठरवलंच होतं. वरच्या कोपऱ्यातलं वर्तुळ एकदा फिरू दिलं. मग तिसरं पान उघडलं.

वडिलांचं नाव: खाजाभाई.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मग दारातून खाजाभाईंचाच आवाज आला.

“धुळाप्पा, घाबरू नको. पोरगी तुझीच, नाव तेवढं माझं आलंय.”

हसण्याचा असा लोट उठला की टेबलावरचं लिंबू घरंगळलं. धुळाप्पा हसले नाहीत. ते पडद्याजवळ आले आणि नाव एकेक अक्षर करून पुन्हा वाचलं. काल ज्या रकान्यानं त्यांचा जीव घेतला होता, त्यात आज त्यांचा रोज भेटणारा शिंपी बसला होता, जिवंत, दारात उभा, गळ्यात टेप.

बाबा मुरलेले होते, लगेच सावरले. भूत रूप पालटतं, म्हणाले, समाधी लावावी लागेल. शिवांजलीनं विनंती केली की जरूर लावा. लिंबू ठेवा, फडकं टाका, मंत्र म्हणा. फक्त दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन मांडी घालून बसा. समाधीला मांडी बरी. आणि तिनं आपलं दप्तर टेबलाखालच्या बटणापुढं टेकवून ठेवलं.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण एवढ्या लोकांसमोर मांडीला नाही कसं म्हणणार? त्यांनी मांडी घातली. लिंबू ठेवलं, फडकं टाकलं, कॉम्प्युटर कण्हला. बाबा ओरडले, सोड. कॉम्प्युटर कण्हतच राहिला. बाबा पुन्हा ओरडले. टूं टूं चालूच. मंत्र संपला, दुसरा सुरू झाला, तोही संपला, बाबांना घाम फुटला. शेवटी शिवांजलीनं फडकं उचललं आणि दोन बोटांनी लिंबू उचललं. कण्हणं बंद. लिंबू ठेवलं, टूं टूं. उचललं, बंद. ठेवलं, टूं टूं. बटणं दाबून धरली की कॉम्प्युटर कटकट करतो, एवढंच ते होतं. पुढं बसलेल्या पोरांनी एकेकदा लिंबू ठेवून बघायचा हट्ट धरला.

अर्ज पुन्हा भरला. तिसऱ्या पानावर पुन्हा खाजाभाई.

आणि अगदी तेव्हाच मागून कुणीतरी दमदार आवाजात म्हणालं की वाट द्या, छापील प्रत न्यायचीय. लिंबाजीनं सवयीनं नाव विचारलं.

“बिभीषण.”

मागची निम्मी गर्दी बाहेर धावली. एक बाई भिंतीला पाठ लावून देवाचं नाव घ्यायला लागली. बिभीषण हा लोहारा गावाकडचा धिप्पाड गडी होता, बहिणीच्या गावी बेंबळीला पोराला घेऊन आला होता. शिवांजलीचा अर्ज अडला त्या सकाळी पहिला नंबर त्याचाच होता. नेमकी लाइट गेल्यामुळं प्रत छापायची राहिली होती. आपण गावात भूत म्हणून नावारूपाला आलोय, याची त्या बिचाऱ्याला गंधवार्ता नव्हती. एका म्हातारीनं धीर करून त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो ओरडला, तेव्हा लोक परत आत आले.

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याची नजर फिरत्या खुर्चीवर गेली.

“आरं, कुमार?” तो म्हणाला. “लोहाऱ्याला मेमरी कार्डात गाणी भरून देत हुतास की. मशीन आडलं की बंद करून चालू करायचास. हितं काय करायलास?”

बाबा झटक्यात उठले. फोन आलाय, म्हणाले, आणि कानाला हात लावून दाराकडं सरकले. तेवढ्यात वायर खुर्चीच्या हाताला अडकली. कफनीतून तिचं दुसरं टोक बाहेर आलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. लोकांनी ते नीट बघून घेतलं. मग बाबांची वाट अडवून त्यांच्या झोळीतले नारळ ज्याचे त्याला परत देण्याचा एक छोटासा कार्यक्रम पार पडला. सखूबाईनं आपला नारळ हलवून, आतलं पाणी ऐकून, मगच घेतला.

अजून एक काम राहिलं होतं. शिवांजलीनं लिंबाजीकडं बघितलं आणि सांगितलं की हे कुंकवाखालचं पान बंद करावं लागेल. लिंबाजीचा हात माउसवर येईना. बाबांवरचा विश्वास त्यानं पाच मिनिटांत सोडला होता, पण भवानी वेगळी. ती त्याच्या वडिलांपासूनची होती. तेव्हा खाजाभाई पुढं आले. आजची भवानी माझी आहे ना, त्यांनी विचारलं, मग मीच सांगतो. माझं काम झालं, मी राजीखुशीनं घरी चाललोय, कर बंद. लिंबाजीनं डोळे मिटले आणि ‘बाहेर पडा’ दाबलं. पान बंद झालं. छप्पर कोसळलं नाही.

तिसऱ्यांदा अर्ज भरला. पहिलं पान, दुसरं पान. वर्तुळ फिरलं नाही, फिरायला ते नव्हतंच. तिसरं पान उघडलं आणि धुळाप्पांनी एकेक अक्षर करून, मोठ्यानं, सगळ्या सेंटरला ऐकू जाईल असं वाचलं: “धु-ळा-प्पा.”

चौथं पान, पाचवं पान. शेवटचं बटण दाबताना तिनं त्यांचा हात माउसवर ठेवला. अर्ज गेला.

मग लोकांनी तिला घेरलं. झालं कसं, ते सांग. ती खुर्चीवर उभी राहिली. मघाशी बाबा बसले होते त्याच खुर्चीवर, फक्त ती फिरती असल्यामुळं फलकनं खालून धरून ठेवली होती.

“एसटी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो का नाही?” ती म्हणाली. “हा अर्ज म्हणजे एक एसटी समजा. या कॉम्प्युटरला तिच्यात एकच सीट मिळते. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकानं रुमाल टाकला. त्याचं काम झालं, तो उतरून घरी गेला, पण रुमाल तिथंच राहिला, कारण लिंबाजीकाका ते पान बंदच करत नाहीत. मग मी जाऊन बसले. दोन पानं होईपर्यंत कुणी हटकलं नाही. पण ते उघडं पान थोड्या थोड्या वेळानं आपोआप ओरडतं, सीट माझी आहे. ते ऐकलं की साइट मला उठवते, माझं गाठोडं बाहेर टाकते आणि रुमालवाल्याचं नाव लावते. बाबा अंगठ्यानं बटण दाबून गाडीच बंद करायचे. सगळे रुमाल उडायचे. त्यालाच समाधी म्हणायचे.”

एसटीचं उदाहरण असं बसलं की पुढं तिला बोलावंच लागलं नाही. लोकच एकमेकांना समजावून सांगायला लागले. ज्यांनी ज्यांनी आयुष्यात रुमाल टाकला होता, त्या सगळ्यांना आता सर्व्हर कळला होता.

“माझं एवढंच म्हणणं आहे,” ती शेवटी म्हणाली. एव्हाना हसणं ओसरलं होतं आणि सगळे खरंच ऐकत होते. “अर्ज अडला, तर अर्ज बघा. कुणाला आला, कधी आला, कुणाला नाही आला, ते विचारा. आम्ही दोघींनी फक्त दोन प्रश्न विचारले. ते कुणालाही विचारता आले असते. पण भुताचं नाव घेतलं की माणूस विचारायचा थांबतो. आणि आपण थांबलो की कुणीतरी आपल्या लेकरांचं शिक्षण थांबवतं.”

धुळाप्पा तिला घेऊन मेंढरांकडं परत निघाले. शिवेपर्यंत आल्यावर त्यांनी विचारायला सुरुवात केली. ती साइट ऱ्हाती कुठं? तिथं माणूस बसलेला आसतो का? तिनं सांगितलं. आपलं नाव हितनं तिथवर जातं कशातनं? तारेतून आणि हवेतून, तिनं जमेल तसं सांगितलं. आयुष्यात त्यांनी तिला इतके प्रश्न कधी विचारले नव्हते, आणि तिला चालता चालता नाचावंसं वाटत होतं.

“मग हवेतनं जाताना येकाचं नाव दुसऱ्यात मिसळत कसं न्हाय?” धुळाप्पांनी विचारलं.

शिवांजली थांबली. तिनं विचार केला. अजून थोडा केला.

“माहीत नाही, आबा,” ती म्हणाली. “कॉलेजात गेले की आधी तेच विचारते.”

धुळाप्पांनी मान हलवली. बाबाकडं सगळ्याचं उत्तर होतं, ते म्हणाले, तवाच मला शंका यायला पायजे हुती.